भाड्याच्या फ्लॅटमध्ये पर्यावरणपूरक राहायचं तर सुरुवात ओल्या कचऱ्यापासून

भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडायची मुभा नसते आणि जागा मोजकी असते. खिडक्या बदलणं, छतावर सौर पॅनेल बसवणं, नळजोडणी नव्याने करणं हे निर्णय मालकाचे. पण घरात काय येतं आणि घरातून काय बाहेर जातं, हे मात्र पूर्णपणे राहणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून या लेखातला मोठा भाग कचऱ्यावर आहे. पाणी आणि वीज नंतर, थोडक्यात, आणि घर सोडताना सगळं पूर्ववत करता येईल इतपतच.

बहुतेक लोक सुरुवात करतात ती प्लास्टिक, कागद, काच यांचे वेगवेगळे डबे आणून. महिनाभरात त्या डब्यांना वास येतो, माश्या येतात आणि सगळं पुन्हा एकाच पिशवीत जायला लागतं. कारण सोपं आहे. कोरडा कचरा वाया जातो तो ओल्यामुळे. चहाचा चोथा सांडलेला पुठ्ठा किंवा रस लागलेला कागद कुणी घेत नाही. कागदाचा लगदा पाण्यात केला जातो आणि तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तेलकट कागद चांगल्या लगद्यातही डाग धरतो. ओलं वेगळं झालं की उरलेल्या कचऱ्याला वास येत नाही, तो आठवडे घरात ठेवता येतो, आणि मग वर्गीकरणाला घाई राहत नाही.

आधी एक आठवडा नुसतं वजन करा

बॅग तोलायचा हुकाचा छोटा काटा पुरतो. ओला, स्वच्छ कोरडा, घातक आणि उरलेला अशा चार पिशव्या ठेवा आणि रोज रात्री वजन लिहून ठेवा. वजनात ओला कचरा आणि आकारमानात कोरडा, असं चित्र साधारणपणे दिसतं. या आकड्याशिवाय खताची बादली किती मोठी घ्यायची हे कळत नाही, आणि चुकीच्या मापाची बादली हेच घरचं खत फसण्याचं मोठं कारण आहे.

हिशोब असा करा. रोजचा ओला कचरा ४०० ग्रॅम धरला, तर बारीक चिरल्यावर तो साधारण पाऊण ते एक लिटर जागा घेतो. त्यात दुप्पट कोरडा माल मिसळायचा, म्हणजे रोज एकूण सव्वादोन ते तीन लिटर. हे मिश्रण थोड्याच दिवसांत खाली बसतं आणि निम्म्याहून कमी होतं. म्हणजे २० लिटरची बादली साधारण तीन आठवड्यांत भरेल. भरलेल्या बादलीतलं खत तयार व्हायला आणखी ४५ ते ६० दिवस लागतात. एका बादलीत भागत नाही ते यामुळेच. एक भरत असताना दोन मुरत असाव्यात, शक्य असेल तर चौथी हाताशी ठेवावी. एकावर एक रचल्या तर या बादल्या फरशीच्या एकाच लादीवर मावतात.

बादलीतलं कंपोस्ट

१. झाकण असलेली २० लिटरची प्लास्टिकची बादली घ्या. बाजूंना चारही अंगांनी ८-१० सेंमी अंतरावर ४-५ मिमीची भोकं पाडा, तळाला सहा ते आठ. ड्रिलने पाडणं सोपं. तापवलेला खिळा वापरायचा असेल तर उघड्या हवेत, कारण प्लास्टिकचा धूर घातक असतो. भोकांवर आतून मच्छरदाणीच्या जाळीचा पट्टा चिकटवा. खाली ताटली ठेवा आणि बादली लाकडाच्या दोन पट्ट्यांवर तीनेक सेंमी उचलून ठेवा. ताटलीला टेकली की तळाची भोकं बुजतात.

२. तळाला ५-७ सेंमी जाड थर द्या: बारीक काड्या, अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, चुरगळलेला पुठ्ठा. हा थर पाणी खाली सोडतो आणि हवा वर येऊ देतो.

३. पहिल्या वेळी दोन-तीन मुठी तयार कंपोस्ट किंवा बागेतली माती टाका. जिवाणू आणि बुरशी त्यातूनच येतात, विकतचं विरजण नसलं तरी अडत नाही.

४. ओला कचरा २-३ सेंमीचे तुकडे करून, पाणी निथळून टाका. प्रत्येक भागाला दोन भाग कोरडा माल मिसळा: वाळलेली पानं, बारीक फाडलेला तपकिरी पुठ्ठा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा. नुसता भुसा असेल तर तो जास्त पाणी शोषतो, त्यामुळे समप्रमाण पुरतं. वर २-३ सेंमी कोरडा थर पसरून झाकण लावा. ओलं उघडं दिसता कामा नये.

५. दर तीन दिवसांनी बागकामाच्या लहान पंजाने तळापासून ढवळा. मूठभर मिश्रण घट्ट दाबा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पुठ्ठा घाला, मूठ सोडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

६. बादली भरली की नवीन काही टाकू नका, आठवड्यातून एकदा ढवळा. गडद रंग, मातीचा वास आणि मूळ वस्तू ओळखू न येणं या तयार खताच्या खुणा. खात्री करायची असेल तर मूठभर ओलसर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवून उघडा. कुबट वास आला तर अजून मुरू द्या. अर्धकच्चं खत कुंडीत घातलं तर ते मुळांजवळचा प्राणवायू आणि नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं.

पुठ्ठा का लागतो, हे समजलं की पुढचे बहुतेक घोटाळे स्वतःलाच सोडवता येतात. सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नत्र साधारण २५-३० ला १ या प्रमाणात लागतात. भाजीच्या साली आणि चहाचा चोथा यांत नत्र जास्त, पुठ्ठ्यात आणि वाळल्या पानांत जवळपास सगळा कार्बन. शिवाय पुठ्ठा ढिगात पोकळी राखतो, त्यातून हवा खेळते.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा संपली आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढले. उपाय ढवळणं आणि पुठ्ठा, सुगंधी फवारा नव्हे. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास हे वेगळं प्रकरण आहे: नत्र जास्त झालंय. इथेही पुठ्ठाच घालायचा. पुष्कळजण चुना किंवा राख टाकतात, पण त्याने मिश्रण आणखी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया उलट जास्त सुटतो. वास नाही आणि काही घडतही नाही, असं असेल तर ढीग कोरडा पडलेला असतो, किंवा थंडी जास्त असते. थंडीत बादली घरात भिंतीलगत आणा.

फळमाश्या बाहेरून येतात असं वाटतं, पण त्यांची अंडी बऱ्याचदा फळांच्या सालींवर आधीपासूनच असतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. साली रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून किंवा उकळतं पाणी ओतून, निथळून मगच बादलीत टाकल्या तर ही साखळी तुटते. उडणाऱ्या माश्यांसाठी वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पृष्ठताण मोडतो आणि माशी बुडते. करड्या रंगाच्या, चपट्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत, आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. त्या नको असतील तर ओल कमी करा आणि वरचा कोरडा थर जाड ठेवा. पांढरी बुरशी तर चांगलीच खूण आहे.

मांस, मासे, दूध-दही, तेलकट अन्न या बादलीत नको. लिंबूवर्गीय साली चालतात, पण बारीक करून, थोड्या थोड्या. फळांवरचे स्टिकर प्लास्टिकचे असतात, ते काढा. बऱ्याच टी-बॅगांत प्लास्टिकचे धागे असतात, म्हणून बॅग फाडून चोथा तेवढा टाका. 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्याही इथे विरघळणार नाहीत. त्या साधारणपणे औद्योगिक कंपोस्टसाठी तपासलेल्या असतात आणि तिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास असतं. २० लिटरच्या बादलीत तेवढी उष्णता टिकत नाही. टोमॅटोसारख्या बिया खतातून उगवतात त्याही याच कारणाने.

बाल्कनीच नसेल किंवा शिजवलेलं अन्न जास्त उरत असेल तर बोकाशी बघा. हवाबंद, खाली तोटी असलेल्या बादलीत अन्नाचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी भारलेला कोंडा पसरायचा, दाबून हवा काढायची आणि झाकण घट्ट लावायचं. बादली भरल्यावर दोन आठवडे बंद ठेवायची. तोटीतून येणारं पाणी दर दोन-तीन दिवसांनी काढा आणि कुंडीला द्यायचं तर १०० पट पाणी मिसळून. लोणच्यासारखा आंबट वास बरोबर, कुजका वास चूक. यात मांस-माशांचे तुकडेही चालतात. पण बोकाशीतून निघतं ते खत नव्हे, आंबवलेलं अन्न. ते थेट रोपाला दिलं तर आम्लामुळे मुळं जळतात. मोठ्या खोक्यात दुप्पट मातीत मिसळून, वर मातीचा थर देऊन, तीन-चार आठवडे ठेवावं लागतं. या मातीची सोय आधी बघा, मगच बोकाशी सुरू करा.

तयार खत कुंडीच्या मातीत पाव हिश्श्यापर्यंत चालतं, त्याहून जास्त नको. ओली माती लिटरला सव्वा ते दीड किलो भरते, म्हणजे २० लिटरची कुंडी सहज २५-३० किलो. मोठ्या कुंड्या बाल्कनीच्या कठड्याकडे नकोत, घराच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवा आणि प्रत्येकीखाली ताटली असू द्या. खालच्या मजल्यावर थेंब पडले की तक्रार येते, आणि तक्रार आली की मालक सगळंच बंद करायला सांगतो.

कोरडा कचरा: त्रिकोणातला आकडा काय सांगतो

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा १९८८ पासून वापरात आहे. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, त्याचा पुनर्वापर होईलच असं सांगत नाही. १ म्हणजे पाण्या-पेयांच्या बाटल्यांचं पीईटी, २ शाम्पू आणि साबणाच्या कॅनचं एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ मऊ पिशव्यांचं एलडीपीई, ५ अन्नाच्या डब्यांचं आणि झाकणांचं पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोलही, आणि ७ बाकी सगळं, मिश्रणांसकट. १ आणि २ ला सर्वत्र मागणी असते, ५ ला बऱ्याच ठिकाणी. ३, ६ आणि ७ घरात येणारच नाहीत असं बघणं हाच त्यांचा सगळ्यात भरवशाचा इलाज.

आकडा नसेल तर छोटा तुकडा साबण घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. २, ४ आणि ५ तरंगतात. पीईटी, पीव्हीसी आणि घट्ट पॉलिस्टायरीन बुडतात.

चमकदार वेष्टन मुठीत चुरगळा आणि सोडा. तसंच राहिलं तर ॲल्युमिनियम फॉइल, पुन्हा उलगडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक, आणि ते बहुतेक ठिकाणी उरलेल्या कचऱ्यातच जातं. फॉइलचे सुटे तुकडे वर्गीकरणाच्या यंत्रात चाळणीतून खाली पडतात, म्हणून पुसून एकावर एक गुंडाळत मुठीएवढा गोळा होईपर्यंत साठवा. कष्ट वाया जात नाहीत: भंगारापासून ॲल्युमिनियम बनवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

बाटल्यांची सुटी झाकणंही अशीच हरवतात. बाटली रिकामी करा, चेपा आणि झाकण परत लावून द्या, तुमच्याकडच्या संकलन केंद्राने उलट सांगितलं नसेल तर. धुण्यासाठी गरम पाणी किंवा साबण लागत नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा विसळणं पुरे, पण वाळवणं चुकवू नका. ओली बाटली कागदाच्या खोक्यात गेली की वरचं सगळं वर्गीकरण वाया.

कागदात तीन फसवे प्रकार आहेत. दुकानातली गुळगुळीत पावती: नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद, त्यावर रसायनाचा लेप असतो. तो रद्दीत नको आणि खतातही नको. कागदी कपाला आतून पॉलिथिनचं अस्तर असतं. आणि दूध-रसाच्या खोक्यात साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, बाकी पॉलिथिन आणि थोडं ॲल्युमिनियम असतं. ते वेगळं करणारे कारखाने आहेत, पण खोकं त्यांच्यापर्यंत पोचायला ते रद्दीपासून वेगळं, कापून सपाट केलेलं आणि कोरडं द्यावं लागतं. तेलकट पुठ्ठ्याचा स्वच्छ भाग फाडून रद्दीत टाका. डाग हलका असेल तर तो तुकडा बारीक करून खतात चालतो.

काचेत बाटल्या आणि बरण्या एवढंच. आरसा, खिडकीची काच, ओव्हनमधली भांडी, चिनी माती यांचा वितळण्याचा अंश वेगळा असतो, आणि त्यातला एक तुकडाही नव्या बाटलीत कमकुवत जागा सोडतो.

घरात यासाठी तीनच डबे ठेवा: कागद, बाकीचं कोरडं, आणि उरलेला कचरा. सात डबे आणले की घरातला दुसरा माणूस पहिल्याच आठवड्यात कंटाळतो. बारकं वर्गीकरण देण्याच्या दिवशी करा. आणि सुरू करण्याआधी तुमचा भंगारवाला किंवा संकलन केंद्र नेमकं काय घेतं ते विचारा. ते घेत नाहीत अशा गोष्टी आशेने त्यांच्या पिशवीत घातल्या तर त्यांचं काम वाढतं आणि चांगला मालही फेकला जातो.

घातक कचरा

इथे हलगर्जी नको. लिथियम बॅटरीची दोन्ही टोकं चिकटपट्टीने झाका आणि बॅटऱ्या कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की त्या पेट घेतात. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका, न जळणाऱ्या भांड्यात वाळूवर ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा केंद्रात द्या.

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. फुटली तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, एसी-पंखा बंद करा, खिडकी उघडून दहा मिनिटं थांबा. तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, सगळं बंद बरणीत घाला. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा हवेत पसरतो. उरलेली औषधं संडासात ओतू नका, परत घेणारं औषधाचं दुकान किंवा केंद्र शोधा.

पाणी आणि वीज

नळ पूर्ण सोडून ३० सेकंद बादलीत पाणी भरा आणि मोजून दुप्पट करा. मिनिटाला ८-१० लिटर आलं तर नळाच्या तोंडाला लावायचा एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी, उपयोगी आहे: वॉश बेसिनला मिनिटाला २ ते ४ लिटरचा, स्वयंपाकघरात ५ ते ६ लिटरचा. आटे नळाला बाहेरून असतील तर साधारण २२ मिमी, आतून असतील तर २४ मिमीचं माप. पक्कड लावताना नळावर कापड गुंडाळा, नाहीतर ओरखडे राहतात. टाकी जवळच असल्याने पाण्याला दाब कमी असेल तर एरेटरने धार फारच बारीक होते. ज्या नळाचं गरम पाणी तात्काळ गॅस गिझरमधून येतं, तिथे प्रवाह खूप घटवला तर गिझर पेटतच नाही.

फ्लशच्या टाकीत खाद्यरंगाचे काही थेंब टाका आणि १५ मिनिटं फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर रबरी झडप गळते आहे. ही दुरुस्ती मालकाची, पण कळवायचं काम तुमचं, आणि लेखी. जुन्या मोठ्या टाकीत एक लिटरची बाटली पाणी आणि खडे भरून, हलणाऱ्या भागांपासून दूर उभी ठेवली तर दर वेळी लिटरभर पाणी वाचतं. वीट टाकू नका, तिचा चुरा झडपेत अडकतो. दोनदा फ्लश करावं लागत असेल तर बाटली काढून टाका.

विजेत भाडेकरूला सोपं ते एवढं: ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी, फ्रिज ४ अंशांवर, फ्रीझर उणे १८ वर, एसीची जाळी महिन्यातून एक-दोनदा धुणं, आणि कपडे साध्या किंवा ३० अंशांच्या पाण्यात, कारण गरम पाण्याने धुताना यंत्राची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. उन्हाच्या खिडकीवर गोंदाशिवाय चिकटणारी फिल्म लावता येते. मात्र दुहेरी काच असेल तर आधी फिल्मच्या उत्पादकाकडून तपासून घ्या. काच असमान तापली की तडकते, आणि ते नुकसान भाडेकरूच्या माथी येतं. ऊन काचेच्या बाहेरच अडवता आलं, म्हणजे बाल्कनीत चटई किंवा वेल, तर ते आतल्या पडद्यापेक्षा जास्त परिणामकारक.

घर बदलताना

भाड्याच्या घरातला सगळ्यात मोठा कचरा एका दिवसात होतो: सामान हलवायच्या दिवशी. आठ-नऊ आठवडे आधीपासून खताच्या बादल्यांत नवीन टाकणं थांबवा, म्हणजे मुरलेलं खत वाटून टाकता येईल आणि रिकाम्या बादल्या बरोबर नेता येतील. चार आठवडे आधी नको असलेलं फर्निचर देऊन टाका. शेवटच्या आठवड्यात घ्यायला कुणी येत नाही आणि ते जिन्याखाली सोडलं जातं. नाजूक वस्तू बबल प्लास्टिकऐवजी चादरी आणि टॉवेलमध्ये गुंडाळा. खोकी उघडल्यावर सपाट करून पुढच्या भाडेकरूला द्या.

पहिल्या दिवशी काढलेला प्रत्येक मूळ भाग, म्हणजे बल्ब, एरेटर, शॉवरचं तोंड, एका पिशवीत, कोणत्या जागेचा ते लिहून आणि आधीच्या फोटोसह ठेवलेला असावा. चिकट हुक काढताना पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढा. हट्टी असेल तर केस वाळवायच्या यंत्राने अर्धा मिनिट गरम करा. स्वतःकडे ओढलं तर रंगाचा पापुद्रा निघतो आणि अनामत रकमेतून कपात होते.